एफवायच्या वर्गात सेमिनार: बोलतं कोण, गप्प कोण?

'सेमिनार' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? माझ्या डोळ्यांसमोर आधी फ्लेक्स येतो. त्यावर प्रमुख पाहुण्यांचा फोटो, खाली आयोजक विभागाचं नाव. मग दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचा परिचय, दीड तासाचं भाषण, 'कुणाला काही प्रश्न असतील तर…' आणि त्यानंतरची ती शांतता. शेवटी आभार, चहा, वडा, प्रमाणपत्र. दुसरा प्रकार एमएच्या वर्गातला: एकेकानं उठून पीपीटी वाचून दाखवायची आणि सरांनी वहीत दहापैकी मार्क टाकायचे. त्यालाही आपण सेमिनारच म्हणतो.

मी ज्या सेमिनारवर पीएचडी करतेय तो या दोन्हींत बसत नाही. पंधरा-वीस, फार तर पंचवीस जण गोल करून बसतात. सगळ्यांनी एकच मजकूर आधी वाचलेला असतो (निदान तशी अपेक्षा असते, त्यावर पुढे बोलू). शिक्षक भाषण देत नाही. तो एक प्रश्न मध्ये ठेवतो, ज्याचं तयार उत्तर त्याच्याकडेही नसतं. मग तासभर सगळे मिळून त्या मजकुराशी झटापट करतात. एवढंच.

आता हे कॉलेजच्या पहिल्या वर्षाला जमेल का? बारावीपर्यंत 'अपेक्षित प्रश्नसंच' पाठ करून आलेल्या मुलांना? हा प्रश्न मला सगळेच विचारतात, अगदी घरातलेसुद्धा. पण गेली दोन वर्षं मला त्याहून दुसरा प्रश्न छळतोय: अशा तासात शिकतं कोण आणि नुसतं बसून राहतं कोण? आजचा लेख त्याबद्दल आहे.

आधी थोडा इतिहास, पटकन. सेमिनारचं मूळ अठराव्या शतकातल्या जर्मनीत आहे. ग्योटिंगन आणि हाले इथल्या विद्यापीठांत ग्रीक-लॅटिन शिकणाऱ्या निवडक मुलांना एकत्र बसवून मूळ ग्रंथांवर काम करायला लावायचे. पुढे बर्लिनमध्ये इतिहासकार रांके विद्यार्थ्यांकडून जुनी साधनं तपासून घ्यायचा: हा दस्तऐवज खरा कशावरून? लिहिणारा तिथे होता का? १८७६ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ निघालं आणि ही पद्धत तिकडे रुजली. पण लक्षात घ्या, हे सगळं मुरलेल्या विद्यार्थ्यांसाठी होतं. पहिल्या वर्षाच्या मुलांना तिथे प्रवेश नव्हता. हार्वर्डनं नवख्या मुलांसाठी छोटे सेमिनार सुरू केले ते १९५९ साली. साउथ कॅरोलायना विद्यापीठाची गोष्ट निराळी. तिथे १९७० साली विद्यार्थ्यांचा मोठा उद्रेक झाला, आणि मुलांचं विद्यापीठाशी काही नातं तरी जुळावं म्हणून १९७२ पासून पहिल्या वर्षासाठी एक खास अभ्यासक्रम आला. म्हणजे 'फर्स्ट इयर सेमिनार' या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी नांदतात. एक, मजकूर घेऊन विचार करायला शिकवणारा. दुसरा, कॉलेजात रुळायला मदत करणारा: वेळेचं नियोजन, लायब्ररी कशी वापरायची, वगैरे. संशोधन वाचताना हा फरक डोक्यात ठेवावा लागतो, नाहीतर सगळी सरमिसळ होते. मी पहिल्या प्रकाराबद्दल बोलतेय.

आणि या पहिल्या प्रकाराचा एक नमुना आपल्या अगदी जवळचा आहे. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाच्या सेमिनारमध्ये पंचवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्यानं भारतातल्या जातींवर निबंध वाचला. विद्यार्थ्याचं नाव भीमराव आंबेडकर. तो निबंध पुढच्या वर्षी 'इंडियन अँटिक्वरी'मध्ये छापून आला आणि आज महाराष्ट्र शासनाच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या पहिल्या खंडात तो आहे. आपण तो 'बाबासाहेबांचं लिखाण' म्हणून वाचतो आणि ते बरोबरच आहे. पण मुळात तो सेमिनारचा पेपर आहे, आणि तसा वाचला की वेगळंच दिसायला लागतं. ते चार अभ्यासकांच्या व्याख्या समोर मांडतात, प्रत्येकीत काय बरोबर आहे आणि काय निसटलंय ते सांगतात, मग स्वतःचं म्हणणं मांडतात. शेवटी तर असंही म्हणतात की माझी उपपत्ती टिकत नाही असं दाखवून दिलंत तर मी ती सोडायला तयार आहे. सेमिनार म्हणजे काय हे मला कुणी एका वाक्यात विचारलं तर मी त्यांना या निबंधाचं शेवटचं पान वाचायला देईन.

म्हणून माझ्या वर्गात मी हाच निबंध घेतला.

मी एका तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. माझं संशोधनाचं फील्डवर्क वेगळ्या ठिकाणी चालू आहे आणि ते पुरं झाल्याशिवाय त्याबद्दल मी बोलणार नाही. हे फक्त माझ्या वर्गातलं. एफवायबीएच्या एका तुकडीत पटावर एकशे वीस मुलं. प्राचार्यांच्या मागे लागून त्यातल्या सव्वीस जणांचा एक गट शनिवारी सकाळी मिळवला. मोठ्या वर्गातली बाकं जमिनीला ठोकलेली, त्यामुळे गोल करायचा तर खोली बदलणं आलं. शेवटी जिमखान्याशेजारी प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची एक खोली मिळाली. तुम्हाला हे तपशील फुटकळ वाटतील, पण सेमिनार बहुतेक वेळा इथेच मरतो, खुर्च्यांपाशी.

अख्खा निबंध दिला नाही. व्याख्यांचा भाग तेवढा दिला, मराठी भाषांतरासकट, झेरॉक्स करून. त्यातली एक जागा मला फार आवडते. श्रीधर व्यंकटेश केतकर (हो, आपले ज्ञानकोशकार, त्यांनीही अमेरिकेतच, कॉर्नेलला, जातींच्या इतिहासावर काम केलं होतं) जातीची दोन लक्षणं सांगतात. एक, जातीत जन्मलेल्यांनाच त्या जातीचं सदस्यत्व मिळतं. दोन, जातीबाहेर लग्न करायला कडक मनाई असते. आंबेडकर केतकरांचं कौतुक करतात आणि मग म्हणतात, ही दोन लक्षणं नाहीतच. एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. बाहेर लग्नच करू दिलं नाही, तर बाहेरचा जन्म आत येणारच कसा?

माझा प्रश्न होता: दोन की एक? कोण बरोबर?

पहिला तास काय रंगला म्हणून सांगू. एकानं लगेच आंबेडकरांची बाजू घेतली. दुसरी म्हणाली, नाही सर… सॉरी, मॅडम, दोन वेगळे आहेत, कारण एक नियम जन्माचा आणि एक लग्नाचा. तिसऱ्यानं गावातलं उदाहरण दिलं. हशा, वाद, पुन्हा झेरॉक्समध्ये डोकं घालणं. तास संपला तेव्हा मी हवेत होते.

माझी एक संशोधक मैत्रीण त्या दिवशी मागे बसून कोण किती वेळा बोललं याच्या रेघा मारत होती. तिनं कागद पुढे केला. सव्वीसपैकी पाच जण बोलले होते. त्यातले दोघे तर एवढे बोलले होते की त्यांच्या रेघांचे गठ्ठे मावत नव्हते. एकवीस जणांसमोर कोरी जागा. 'पण सगळे किती लक्ष देऊन ऐकत होते!' मी म्हटलं. ती नुसती हसली.

ती का हसली हे कळायला मला १९७६ सालचा एक पेपर वाचावा लागला. डेव्हिड कार्प आणि विल्यम योल्स या दोन समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका विद्यापीठातले वर्ग असेच बसून पाहिले होते. चाळीसपेक्षा कमी मुलं असलेल्या वर्गांतसुद्धा चार-पाच विद्यार्थी मिळून तीन चतुर्थांश बोलणं करत होते. मोठ्या वर्गांत तर दोघा-तिघांकडेच निम्म्याहून जास्त. म्हणजे माझ्या वर्गाचं काही विशेष नव्हतं. पुस्तकी वर्ग होता तो.

पण खरी मोलाची गोष्ट त्यांनी दिलेलं स्पष्टीकरण आहे. ते म्हणतात, वर्गात पहिल्या काही तासांतच एक न बोललेला करार होतो. ठरावीक चार-पाच जण बोलण्याची जबाबदारी उचलतात आणि बाकीचे ती त्यांच्यावर सोपवून मोकळे होतात. शिक्षकालाही ते सोयीचंच असतं, तास 'चालतो'. उरलेले काय करतात? मान डोलावतात, योग्य जागी हसतात, वहीत काहीतरी लिहितात. याला त्यांनी जे नाव दिलंय त्याचं मी 'सभ्य लक्ष' असं मराठी करते. लक्ष असेल किंवा नसेल, दिसणं मात्र लक्ष असल्यासारखं. तुम्ही सोसायटीच्या वार्षिक सभेला किंवा ग्रामसभेला कधी बसला असाल तर हा करार तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. तिथेही तेच चार जण बोलतात, ठराव 'सर्वानुमते' मंजूर होतो.

या पेपरमधली अजून एक गोष्ट मला बोचली. विद्यार्थी गप्प का बसतात, असं प्राध्यापकांना विचारलं तर त्यांचा कल 'चारचौघांत हसं होईल म्हणून घाबरतात' याकडे. मुलांनी स्वतः दिलेली कारणं जास्त साधी होती: विषयाचं पुरेसं माहीत नाही, वाचून आलो नाही, डोक्यात विचार आहे पण तो नीट जुळलेला नाही. शेवटच्या कारणाकडे पुन्हा बघा. विचार आहे. जुळायला वेळ हवाय.

आणि वेळ आपण देतच नाही. मेरी बड रो नावाच्या संशोधिकेनं १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांचं ध्वनिमुद्रण करून पाहिलं. शिक्षक प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी सरासरी किती थांबतात? साधारण एक सेकंद. मग पुढचं नाव, किंवा स्वतःच उत्तर. हाच वेळ तीन सेकंदांवर नेला तर उत्तरं लांबतात, 'माहीत नाही' कमी होतं, आणि एरवी न बोलणारी मुलं बोलायला लागतात. तिचे वर्ग शाळेतले होते, कॉलेजचे नव्हते, हे मान्य. पण तुम्ही एकदा करून बघा. एफवायच्या वर्गासमोर उभं राहून मनात एक, दोन, तीन मोजा. पंख्याचा आवाज एवढा मोठा असतो हे तुम्हाला तेव्हाच कळेल.

तर पुढच्या शनिवारी मी बोलणं बंद केलं. प्रश्न तोच, फळ्यावर लिहिला. प्रत्येकाला कोरी चिठ्ठी दिली आणि पाच मिनिटं कुणीही काही बोलायचं नाही, फक्त लिहायचं. नाव घातलं तरी चालेल, नाही घातलं तरी चालेल. मग शेजारच्याशी बोलायचं, मग गोलात. यात माझी काही अक्कल नाही. आधी एकट्यानं विचार, मग जोडीत, मग सगळ्यांत, ही पद्धत फ्रँक लायमन या अमेरिकन शिक्षकानं १९८१ मध्ये मांडली आणि बीएडला आता ती पाठ्यपुस्तकात असते. आम्ही ती परीक्षेत लिहितो आणि वर्गात विसरतो.

चिठ्ठ्या गोळा करून मी मोठ्यानं वाचायला लागले. बऱ्याचशा 'आंबेडकर बरोबर आहेत' एवढ्यावर थांबलेल्या. एक मात्र अशी होती (जशीच्या तशी देत नाही, कारण पुढे कळेल): घरातल्या एका बाईनं जातीबाहेर लग्न केलं. बंदी होती, तरी केलं. तिला मूल झालं. आता बंदीचा नियम तर मोडला. मग मुलाची जात कोणती, हे कोण ठरवतं? दाखल्यावर बापाची लागली. म्हणजे लग्नाचा नियम मोडल्यावरही जन्माचा नियम चालूच आहे. मग दोन्ही एकच कसे?

मी चिठ्ठी दोनदा वाचली. वर्ग गप्प झाला, पण ही शांतता वेगळी होती. कारण हा आक्षेप खरा आहे. नियम पाळला जातो तोवर दोन बाजू एकाच नाण्याच्या दिसतात, मोडला की वेगळ्या होतात. मग कुणीतरी विचारलं, बाबासाहेबांनी याचा विचार केलाच नसेल का? केलाय. निबंधाच्या शेवटाकडे ते जातबहिष्काराबद्दल लिहितात: नियम मोडणाऱ्याला जात बाहेर टाकते, आणि बाहेर टाकलेल्यांची पुन्हा नवी जात होते. म्हणजे मोडलेला नियम दुसऱ्या वाटेनं परत येतो. हे उत्तर पुरेसं आहे का? दाखल्यांच्या आजच्या जमान्यात? यावर अजून एक तास गेला, आणि त्या तासात निबंधाची पुढची पानं मी न सांगता झेरॉक्स झाली. शिकवण्याच्या नोकरीत याहून मोठा पुरस्कार मला माहीत नाही.

तास संपल्यावर कोपऱ्यातली एक मुलगी रेंगाळली. आधीच्या तासाच्या कागदावर तिच्यासमोर एकही रेघ नव्हती. 'मॅडम, ती चिठ्ठी माझी होती.'

'अगं मग बोलली का नाहीस?'

'बोलले असते तर सगळ्यांना कळलं असतं ना. घरातलं.'

(हे लिहायला तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

परदेशी संशोधनात मला हे असं कुठे सापडलं नव्हतं. आपल्या वर्गात आडनाव उच्चारलं की अर्ध्या वर्गाच्या डोक्यात एक चौकट उघडते. कोण कुठल्या वाडीवरून येतं, कुणाची फी कशी भरली जाते, हे पहिल्या महिन्यात सगळ्यांना माहीत झालेलं असतं. अशा खोलीत 'मोकळेपणानं बोला' असं सांगणं म्हणजे प्रत्येकाला सारखीच किंमत मोजायला सांगणं नाही. काहींसाठी ते फुकट असतं, काहींसाठी फार महाग. माझे ते पाच बोलके पुन्हा आठवून पाहिले. चौघे शहरातल्या शाळांतून आलेले. पाचवा गावच्या सरपंचांचा मुलगा. मी ज्याला 'हुशारी' म्हणत होते त्यातली बरीचशी सवय होती, बोललं तर आपलं काही बिघडणार नाही या खात्रीची सवय.

इथे मला युरी ट्राइसमनचं काम सांगायलाच हवं. १९७० च्या दशकात बर्कलीला कॅलिफोर्निया विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय मुलं मोठ्या संख्येनं नापास होत. तिथल्या प्राध्यापकांची कारणं तयार होती: पाया कच्चा, जिद्द कमी, घरून पाठिंबा नाही. (ओळखीची वाटतात ना?) ट्राइसमननं वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाचे विद्यार्थी निवडले आणि ते अभ्यास कसा करतात हे त्यांच्यामागे हिंडून पाहिलं. तयार कारणांपैकी एकही टिकलं नाही. फरक भलताच निघाला. चिनी मुलं आधी एकटी अभ्यास करत आणि मग संध्याकाळी एकत्र जमून उत्तरं ताडून पाहत, एकमेकांच्या चुका काढत, कुठलं गणित सगळ्यांनाच अवघड गेलं ते त्यांना कळे. कृष्णवर्णीय मुलं जवळजवळ सगळीच एकटी अभ्यास करत, अगदी निष्ठेनं. अडलं की त्यांना वाटे, आपल्यालाच येत नाही.

मग त्यानं जे केलं ते महत्त्वाचं. त्यानं 'कच्च्या मुलांचे जादा वर्ग' काढले नाहीत. उलट नेहमीपेक्षा अवघड गणितं देऊन मुलांना गटात झुंजायला बसवलं. निकाल पालटले. आपल्याकडे 'रेमेडियल' नावाचा जो तास असतो त्याच्या बरोबर उलटी ही दिशा आहे. तिथे आपण सोपं करतो. ट्राइसमन म्हणतो, अवघडच ठेवा, पण एकटं सोडू नका.

आता तुम्ही म्हणाल, सगळं छान आहे, पण मुलांना हे आवडतं का? प्रामाणिक उत्तर: सुरुवातीला नाही. तिसऱ्या शनिवारी एकानं विचारलंच, 'मॅडम, नोट्स कधी देणार?' दुसरा जरा तिरकस होता: 'तुम्ही शिकवणार कधी?' मला वाईट वाटलं, मग २०१९ चा एक प्रयोग आठवला. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या प्राथमिक वर्गातल्या मुलांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला कसलेल्या शिक्षकाचं सुरेख व्याख्यान. दुसऱ्याला तोच मजकूर, पण गणितं गटात स्वतः सोडवायची. चाचणीत दुसरा गट पुढे. पण 'तुम्ही किती शिकलात?' या प्रश्नावर पहिल्या गटाला वाटलं की आपण जास्त शिकलो. ओघवतं भाषण ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं, अडखळत विचार करताना आपण ढ आहोत असं वाटतं. म्हणून सेमिनार घेणाऱ्यानं पहिल्याच दिवशी मुलांना सांगून टाकावं की हे अडखळणं होणार आहे आणि ते ठीक आहे. मी सांगितलं नव्हतं. चूक माझी.

आणि आपण महाराष्ट्रातली माणसं ओघवत्या भाषणाची जरा जास्तच शौकीन. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आपल्याला अभिमानानं आठवते. पण मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी १८४८ मध्ये स्वतःची सभा काढली होती, जिथे मुलं निबंध वाचत आणि त्यावर चर्चा होई, मराठी-गुजरातीतूनही, हे फारसं कुणी सांगत नाही. मुंबई विद्यापीठ निघायच्या नऊ वर्षं आधीची गोष्ट आहे ही. १८५७ चं विद्यापीठ मात्र लंडनच्या धर्तीवर मुख्यतः परीक्षा घेण्यासाठी निघालं. तो वारसा आपल्या अंगात अजून आहे: कुठलाही नवा प्रयोग सांगितला की स्टाफरूममधला पहिला प्रश्न 'याला मार्क किती?' हाच असतो.

वाचून येण्याचं काय? माझ्याकडे नाही जादू. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात अचानक घेतलेल्या छोट्या चाचण्यांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासल्या तेव्हा कुठल्याही दिवशी जेमतेम एक तृतीयांश मुलं वाचून आलेली आढळली, आणि हा मोबाइलपूर्वीचा काळ. मी तीन पानांच्या वर देत नाही आणि पहिली दहा मिनिटं वर्गातच वाचायला ठेवते. शुद्धतावाद्यांना हे पटत नाही. त्यांच्याकडे शनिवारी सकाळी सात वाजता एसटीनं येणारी मुलं नसावीत.

आता थोडं सावधगिरीचं. 'सेमिनारनं निकाल सुधारतात' असं कुणी छातीठोकपणे म्हणालं तर विचारा: कुठला सेमिनार, आणि मुलं कशी निवडली होती? पहिल्या वर्षाच्या सेमिनारवरचे कितीतरी अभ्यास ऐच्छिक कोर्सवर झालेत. जी मुलं असा कोर्स आपणहून घेतात ती आधीच जास्त उत्सुक असतात. मग पुढे ती टिकली तर श्रेय कोर्सचं की त्यांचं? २०१४ मध्ये २२५ अभ्यास एकत्र करून केलेलं एक मोठं विश्लेषण नेहमी पुढे केलं जातं. त्यात व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचं प्रमाण सुमारे ३४ टक्के आणि मुलांना सक्रिय ठेवणाऱ्या वर्गांत सुमारे २२ टक्के होतं. आकडे भक्कम आहेत, पण ते विज्ञान, गणित, अभियांत्रिकीचे आहेत, आणि 'सक्रिय' या शब्दात बरंच काही कोंबलेलं आहे. माझ्या झेरॉक्स आणि चिठ्ठ्यांना ते आपोआप लागू होत नाहीत. एकशे वीसच्या पटाचं काय, हाही प्रश्न उरतोच. सव्वीसचा गट म्हणजे उरलेल्या चौऱ्याण्णव जणांना कुणीतरी वेगळं घ्यायला हवं, आणि ते 'कुणीतरी' माझ्यासारखंच तासावर पैसे मिळणारं असतं. नव्या शैक्षणिक धोरणाच्या कागदांत चर्चा, चिकित्सक विचार हे शब्द सापडतात, पण जादा खोल्या आणि जादा शिक्षक त्या कागदांतून निघत नाहीत.

आमच्या वर्गात रेघा अजूनही सारख्या नाहीत. मागच्या शनिवारी सव्वीसपैकी चौदा जण बोलले. ते दोघे बोलके आता जरा चिडतात, त्यांचा वेळ कमी झालाय. बारा जण अजून चिठ्ठीवरच आहेत आणि त्यातल्या काहींना तिथेच राहू द्यावं असं मला आता वाटतं. चिठ्ठीसुद्धा बोलणंच आहे. माझे मार्गदर्शक याला सेमिनार म्हणायला तयार नाहीत, आमचा वाद चालू आहे.

येत्या शनिवारी केतकर संपवून नेसफील्ड घ्यायचाय. तो जातीच्या व्याख्येत रोटीव्यवहाराची बंदीही घालतो. आंबेडकरांचं म्हणणं, जातीबाहेरच्यांसोबत न जेवणं हा जातीचा परिणाम आहे, त्यानं तो कारण समजला. फळ्यावर प्रश्न एवढाच लिहिणार आहे: रोटीबंदी आधी की बेटीबंदी? आणि मग पाच मिनिटं गप्प. त्या मुलीनं कालच विचारलं, 'मॅडम, या वेळी चिठ्ठीवर नाव टाकलं तर चालेल का?'